शिजवलेले साठ ग्रॅम

प्रिय बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. दहा दिवसांत अकरा वेळा लावला, मोजलेत मी. आता मोजायची सवयच लागली आहे मेली, त्याबद्दल पुढे येईलच. पत्र मात्र तू फोडशील. बंद पाकीट समोर असलं की तुला चहा गोड लागत नाही, हे मी तू बारा वर्षांची असल्यापासून बघत आले आहे. वाचताना तोंड वाकडं केलंस तरी चालेल, पण अर्ध्यावर टाकू नकोस. तेवढं वहिनीचं ऐक.

आधी बातमी. तुझ्या दादानं तुला फोनवर सांगितलीच आहे, पण माझ्या तोंडून पुन्हा ऐक, कारण मला ती सांगताना अजून गोड वाटते. त्याला काहीही झालेलं नाही. रक्त तपासलं, पोट तपासलं, आतडी तपासली, छातीचा फोटो काढला, गळ्यातून नळी घालून आत डोकावून झालं. कुठे गाठ नाही, कुठे जखम नाही, काही म्हणजे काही नाही. शेवटचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसकण मारली आणि जी रडायला लागले ती थांबेचना. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा पडला तेव्हा आवाज आला असेल. येणारेजाणारे थबकून बघायला लागले, कुणाचं तरी गेलं असं वाटून एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि तुझा दादा माझी पर्स काखेत धरून प्रत्येकाला समजावत होता की सगळं चांगलं आहे हो, चांगलं आहे म्हणूनच ती रडतेय. लोकांना ते काही पटलेलं दिसलं नाही.

आता दुसरी बातमी, जी मला तुझ्याकडून नाही, तर त्याच्याकडून कळली. त्या दिवशी त्यानं तुला फोन करून सगळा घोळ सांगितला, तेव्हा तू म्हणे त्याला म्हणालीस की दादा, चूक माझीच, आहाराच्या तक्त्यावर लिहायला मीच विसरले असेन. आणि दोन दिवसांनी तू तुमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंकडे अर्ज दिलास की मला यापुढे पेशंट देऊ नका, भांडारात टाका, पोत्यांची मोजदाद करीन. अकरा वर्षं लोकांना काय खावं ते शिकवलंस आणि आता पोती मोजणार. बाईंनी अर्ज महिनाअखेरपर्यंत ठेवून घेतला आहे असंही कळलं. बरं केलं त्यांनी. त्या अर्जासाठीच हे सगळं लिहिते आहे, पण मला मेलीला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, वळसा घालूनच यावं लागतं. घालू दे.

तू तो तक्ता केलास तो दिवस तुला आठवतो का? पाच महिने झाले. दादाची साखर वाढलेली निघाली, वजन चौऱ्याऐंशी, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या घ्याच, पण खाण्याचंही बघा. तू दोन दिवसांची रजा काढून आलीस, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलीस आणि माझ्या कपाटातले डबे एकेक करून बाहेर काढलेस. खरं सांगते, मला तेव्हा तुझा इतका राग आला होता! वीस वर्षं मी या माणसाला करून घातलं, आणि ही कालची पोर माझ्या तेलाच्या बरणीकडे पोलिसासारखी बघतेय. एका मोठ्या चमच्यात एकशेवीस कॅलरी, वहिनी, असं तू म्हणालीस, आणि मी मनात म्हटलं, म्हणजे मी इतकी वर्षं नवऱ्याला विष घालत होते की काय.  पण कढई जरा जोरात आपटली, ती तू ऐकलीच असशील.

मग तू गेलीस आणि माझंच काहीतरी झालं. तुला माहीत आहे, मी एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. तू दिलेली ती यादी, कशात किती कॅलरी, किती प्रथिनं, किती तंतू, ती मी पाठ केली. शाळेत पाढे पाठ झाले नाहीत, पण हे झालं. मूठभर शेंगदाणे म्हणजे जवळजवळ वाटीभर भात, हे कळलं तेव्हा मी मुठीकडे बघतच राहिले. बिचारा बटाटा, ज्याला मी जन्मभर शिव्या दिल्या, तो तेवढ्याच वजनाच्या पावाच्या एक तृतीयांशच निघाला. काकडी म्हणजे नुसतं पाणी, साल लावलेलं. तीन संत्री पिळून प्यायली की साखर तिन्हींची पोटात जाते आणि चोथा मात्र कचऱ्यात. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. बिस्किटाच्या पुड्यावर पुढे मोठ्या अक्षरात पौष्टिक आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात खरी गोष्ट, तीही दोन बिस्किटांची, सगळ्या पुड्याची नव्हे. दुकानात मी एकेक पुडा डोळ्यांशी धरून वाचत उभी राहायचे आणि मागची माणसं सुस्कारे सोडायची.

कामावर, पार्सलच्या काउंटरवर तर मी सगळ्यांना भीक नको पण कुत्रा आवर करून सोडलं. आमचे शिक्केवाले काका चार वाजता चहाबरोबर खारीचे दोन तुकडे खायचे, त्यांना मी त्यांतली चरबी सांगितली. दुसऱ्या दिवसापासून ते चहा घेऊन गोदामात जायला लागले. मला कॅलरीबाई असं नाव पडलं. मला वाटलं, कौतुकानं म्हणतात. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते मला आता कळलं, आणि ते हळकुंड अर्धंही नव्हतं.

वजनकाटा मी स्वतः निवडून आणला होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आता तूच सांग, या घरात वजन कुणाला कळतं? मला. सतरा वर्षं मी पार्सलं तोलते. आमच्या काउंटरवर पहिला धडा हाच, की वस्तू जशी जाणार तशी तोलायची. खोकं, कागद, चिकटपट्टी, सुतळी, सगळं लावून. लोक नेहमी म्हणतात, अहो आत फक्त एवढंसं आहे. मी म्हणते, आत काय आहे ते मला सांगू नका, जे जाणार ते काट्यावर ठेवा. त्यामुळे तुझ्या तक्त्यात साठ ग्रॅम तांदूळ दिसले तेव्हा माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. पानात जाणार काय? भात. मग तोलायचा काय? भात. मी वाफाळता भात वाडग्यात घेऊन काट्यावर ठेवायचे, वाडग्याचं वजन बरोब्बर वजा करायचे, आणि साठावर काटा आला की थांबायचे. एकसष्ट झाले तर चमच्यानं चार शितं काढून घ्यायचे, बारके. चार शितं! सकाळचे ओट्स पन्नास, तेही शिजवलेले. डाळ चाळीस, शिजवलेली. संध्याकाळचे चणे तीस, उकडलेले. आणि रोज रात्री वहीत बेरीज मांडायचे तुझ्या यादीवरून, ती तू ठरवलेल्या सतराशे कॅलरींच्या आसपास बरोबर यायची. यायचीच, कारण यादी कोरड्या धान्याची आणि ताट ओल्याचं. वही खूश, मी खूश.

तुझ्या दादाचं मात्र ताट बघवत नव्हतं. म्हणजे आता वाटतं बघवत नव्हतं, तेव्हा मला ते आदर्श वाटायचं. भाजीचा डोंगर, काकडीचा दुसरा डोंगर, आणि मध्ये भाताची एवढीशी टेकडी. तो काही बोलायचा नाही. तुमच्या घराण्यातच मेलं कुणी काही बोलत नाही, सगळी बोलायची कामं माझ्यावर टाकलीत. तो मुकाट्यानं जेवायचा, ताट धुवायचा आणि दुकानात जाऊन चष्म्यांच्या काचा घासत बसायचा. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. दुसऱ्या महिन्यात आणखी तीन. त्यानं पट्ट्याला आपल्या दुकानातल्या टोच्यानं नवं भोक पाडलं. मग आणखी एक. दुकानातला त्याचा ॲप्रन त्याच्याभोवती दीड वेढा बसायला लागला. गिऱ्हाइकं मला रस्त्यात थांबवून हळू आवाजात विचारायची, सगळं ठीक आहे ना? आणि मी रुबाबात सांगायचे, आहारशास्त्र! आणि गंमत ऐक, स्वयंपाक मी पूर्वीइतकाच करत होते. त्याच्या ताटातून वाचलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून मी माझ्या डब्यात न्यायचे. त्याचे बारा उतरले, त्यातले चार माझ्यावर चढले. स्वतःला तोलायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

तरीही वजन उतरायचं थांबेना, तेव्हा माझं हसू मावळलं. त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली, हात गार पडायला लागले, जिना चढताना मध्ये थांबायला लागला. मला वाटायला लागलं की हे खाण्याचं नाही, याला आत काहीतरी झालं आहे आणि तो माझ्यापासून लपवतो आहे. तुमचे वडील शेवटच्या वर्षी असेच वाळत गेले होते, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी त्याला काही विचारलं नाही, कारण विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर? माझ्यासारखी तोंडाळ बाई, आणि दीड महिना तोंड शिवून बसले. रोज सकाळी तो उठेपर्यंत त्याच्या श्वासाकडे बघत पडायचे.

आणि तो काय करत होता, ऐक. त्यानं मला फ्यूज बदलायला शिकवलं. दुकानाच्या शटरचं अवघड कुलूप कसं उघडायचं ते तीन वेळा करून दाखवलं. कुठल्या गिऱ्हाइकाचा चष्मा कुठल्या खणात, याच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या. मला वाटलं, माणसाला या वयात व्यवस्थितपणा सुचतोय, चांगलं आहे. त्याच्या डोक्यात काय होतं ते त्यानं मला त्या पायऱ्यांवर, मी रडून झाल्यावर सांगितलं. त्याला वाटत होतं की डॉक्टरांनी तुला आणि मला काहीतरी भयंकर सांगितलं आहे आणि आपण दोघी त्याच्यापासून ते लपवतो आहोत. तू आलीस तेव्हा आपण दार लोटून बोललो होतो ना, ते त्यानं मनात ठेवलं होतं. एवढंसं जेवण देतात म्हणजे दुखणं तेवढंच मोठं असणार, असा त्याचा हिशेब. म्हणून तो भूक लागली असं म्हणाला नाही. पोटात कावळे ओरडत असायचे त्याच्या, आणि आपण मागितलं तर या दोघींना नाही म्हणताना किती वाईट वाटेल, याचाच तो विचार करायचा. मी तिथल्या तिथे त्याला दोन गुद्दे घातले. मग पुन्हा रडले.

मध्ये तो चक्कर येऊन पडला ते तुला माहीत आहे. दुकानातच, दुपारी, काच घासताघासता. शेजारच्या घड्याळवाल्यानं उचलून आणलं. डॉक्टरांनी वजनाचा आकडा बघितला आणि भुवया आक्रसल्या, आणि त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. त्या फोनवर मी काय बोलले ते तू विसरली नसशील. मीही विसरले नाही. तुझ्या पुस्तकी विद्येनं माझ्या नवऱ्याचं चिपाड केलं, असं म्हणाले. तिथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी पुढे म्हणाले की तुझ्या ताटाशी दुसरं कुणी बसत नाही, तुला काय कळणार कुणाला पोटभर वाढणं म्हणजे काय. तू फोन ठेवलास. त्याचा आवाजसुद्धा किती हळू आला. ते वाक्य खोटं होतं आणि दुष्ट होतं, आणि माझ्या तोंडून ते निघालं याची मला लाज वाटते. तू या घरात बारा वर्षांची होतीस तेव्हा मी नवी आले होते, माझा स्वयंपाक रोज करपायचा, आणि तू तो करपलेला भाग हळूच स्वतःच्या ताटात घ्यायचीस, दादाला कळू नये म्हणून. कुणाला कसं वाढायचं हे मला तूच दाखवलंस. मला माफ कर. हे मला समोर बसून म्हणायचं होतं, पण लिहून तरी म्हणते.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते सांगत नाही. हॉस्पिटलचे सगळे मजले पाठ झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. दुखणं आमच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ काट्यावर बसलेलं, आणि आम्ही ते नळ्या घालून शोधतोय. शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा डॉक्टरच गोंधळले. मग त्यांनी आम्हाला तळमजल्यावरच्या आहाराच्या खोलीत पाठवलं. तिथले आहारतज्ज्ञ निवृत्तीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तुझ्या दादाचं पहिलं लक्ष त्या काडीकडे गेलं. मी माझ्या चार वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या, मोठ्या ऐटीत. त्यांनी पानं उलटली, एवढी नीट वही आजवर कुणी आणली नाही म्हणाले, आणि मी फुलले. मग म्हणाले की या बेरजेवर बसून काम करणारा माणूस सावकाश चार-पाच किलो उतरेल, बारा कसे उतरले हे कळत नाही.  आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं की बाई, हा भात तुम्ही तोलता, तो चुलीवर चढवायच्या आधी की उतरवल्यावर?

मी त्यांना आमच्या काउंटरचा नियम समजावून सांगितला, बारके. खोकं, सुतळी, सगळं. ते चष्मा काढून डोळे मिटून बसले. मग उठून त्यांनी एका बरणीतून मूठभर तांदूळ काट्यावर ठेवले, साठ ग्रॅम, आणि शेजारी पेशंटना दाखवायला केलेला रबराचा भात असलेला एक वाडगा ठेवला. हे साठ शिजले की हे होतात, म्हणाले, एकशे ऐंशी. बाकीचं पाणी. तुम्ही यांना तिसरा हिस्सा दिलात आणि पाणी भात म्हणून तोललंत. ओट्सचं तर विचारूच नका. त्यांनी माझ्याच वहीत लाल शाईनं नवी बेरीज केली. दिवसाला नऊशे ऐंशी. पाच वर्षांच्या पोरालाही याहून जास्त लागतं म्हणाले. मी तुझ्या दादाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आणि तो हसायला लागला. म्हणजे मला फक्त भूक लागली होती, असं म्हणाला आणि पोट धरून हसला, खुर्ची हलेपर्यंत. पाच महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. आहारतज्ज्ञही हसले. मग म्हणाले की चूक तुमची नाही बाई, ज्यानं तक्ता केला त्यानं वजन कच्चं की शिजलेलं ते लिहायला हवं होतं, ही पहिली गोष्ट असते. मी मान डोलावली.

त्या दिवशी घरी येऊन मी भात केला आणि तोलला नाही. म्हणजे शिजल्यावर तोलला नाही, आधी कोरडा तोलला, आता शहाणी झाले आहे. ते वाढलेलं ताट बघून तुझा दादा म्हणाला की एवढं सगळं माझं? मला ते ऐकवेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. दहा दिवसांत दीड किलो वाढलं आहे. साखरही आवाक्यात आहे. जिना एका दमात चढतो. आहारतज्ज्ञांच्या चष्म्याला नवी काडी बसवून आला. शिक्केवाल्या काकांना मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ते गोदामातून बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहून खारीचे दोन तुकडे खाऊन गेले.

आता हे पत्र का लिहिलं ते. मंगळवारी मी माझी जुनी पर्स रिकामी केली. तिच्या आतल्या कप्प्यात कागदाची एक लांब पट्टी सापडली, वर माझी यादी, साबण, ब्लेड, दही, बल्ब. फेकणार तेवढ्यात उलटी केली. मागे तुझं अक्षर होतं. वहिनी, सगळी वजनं कच्ची आणि कोरडी, शिजवण्याआधीची, शिजल्यावर तोलू नकोस हं. खाली दोन रेघा. मग मला आठवलं. तुझा तक्ता कपाटाच्या दारावर मावत नव्हता, बोटभर लांब होत होता, म्हणून मी कात्री घेऊन वरची पट्टी कापली. नाव-तारीख असेल म्हटलं, वाचलीसुद्धा नाही, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी केली. तेव्हा बारके, नाचता येईना तर मी अंगणाला नावं ठेवली. चूक सगळी माझी, आणि ती माझ्याशिवाय कुणालाही कळली नसती. चार दिवस ती पट्टी मी लपवून फिरत होते, कारण सगळे मला चूक तुमची नाही म्हणत होते आणि ते ऐकायला फार बरं वाटत होतं. आज सकाळी ती तुझ्या दादासमोर ठेवली. त्यानं दोनदा वाचली, माझ्यावर चिडला नाही, फक्त म्हणाला की ती तिकडे अर्ज देऊन बसली आहे, आधी तिला कळव. पट्टी या पत्राला टाचली आहे, आणि खाली मी सही करून लिहिलं आहे की ही मी कापली. ती मोठ्या बाईंना दाखव आणि तो अर्ज परत घे. फोन नंतर उचल, माझ्यावर हवी तेवढी ओरड, पण आधी अर्ज परत घे. तू विसरली नव्हतीस, बारके. तू लिहिलं होतंस. दोन रेघा मारून लिहिलं होतंस.

तुझीच,
जिभेची तिखट पण तुझ्यावाचून न चालणारी,
वहिनी